हर्क्युलिसवरचा मेनफ्रेम: रॅम पुरे, केबल हवी

हर्क्युलिस म्हणजे साध्या संगणकावर आयबीएमच्या मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम. त्यावर एमव्हीएस ३.८जे ही जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या चार कोअरच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतंय. आता एस३९० लिनक्स गेस्टही (हर्क्युलिसच्या आत चालणारं मेनफ्रेमचं लिनक्स) बाहेरच्या नेटवर्कशी बोलू लागलाय.

रॅमबद्दल सगळे आधी विचारतात, पण काळजी तिथेच सर्वांत कमी. एमव्हीएस ३.८जे २४ बिट पत्त्यांचं. १६ एमबीपलीकडे त्याला काही दिसतच नाही. डिस्कही किरकोळच: ३३९० मॉडेल ३ ही मेनफ्रेमची डिस्क पूर्ण भरली तरी २.८ जीबीच्या आसपास, आणि सीसीकेडी या हर्क्युलिसच्या कॉम्प्रेस्ड स्वरूपात ठेवली तर त्याहून बरीच लहान. रास्पबेरी पायवरही ही सिस्टीम चालते ती म्हणूनच.

प्रोसेसरचं तसं नाही. हर्क्युलिस गेस्टची प्रत्येक इन्स्ट्रक्शन वाचतं, उलगडतं आणि मग चालवतं. शिवाय मेनफ्रेम बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी) आणि आपली यंत्रं लिटल-एंडियन (छोटा आधी), त्यामुळे आकड्यांचे बाइट सतत उलटेपालटे करावे लागतात. एमव्हीएसला याची झळ लागत नाही. ६४ बिट लिनक्स गेस्टमध्ये मात्र पॅकेजेस बसवताना संयमाची परीक्षाच! यंत्र घ्यायचं तर कोअरच्या संख्येआधी एका कोअरचा वेग बघा. नमसीपीयू (गेस्टला द्यायच्या प्रोसेसरची संख्या) होस्टच्या, म्हणजे मूळ यंत्राच्या, कोअरपेक्षा कमीच ठेवा. डिव्हाइसचे थ्रेड वेगळे असतात, त्यांनाही जागा लागते.

सगळ्यात जास्त वेळ नेटवर्कने खाल्ला. ३२७० टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमचा पडदा, थेट हर्क्युलिसलाच टेलनेटने जोडलं जातं, म्हणून नुसत्या एमव्हीएससाठी आभासी नेटवर्क लागतच नाही. लिनक्सला दोन वाटा होत्या. सीटीसीआय म्हणजे डिव्हाइस पत्त्यांची जोडी आणि होस्टवर टन (TUN) हा आभासी नेटवर्क इंटरफेस: सरळ बिंदू-ते-बिंदू दुवा. क्यूइथ ही मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डाची नक्कल, तिला तीन पत्ते: रीड, राइट आणि डेटा. मी क्यूइथ लेयर २ (थेट इथरनेट फ्रेम) घेतलं, त्याला टॅप (आभासी इथरनेट कार्ड) दिला आणि टॅप होस्टच्या ब्रिजमध्ये (आभासी स्विचमध्ये) घातला.

हा ब्रिज केबलवरच उभा आहे. वायफायवर तो जमत नाही, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट जोडणी झालेल्या मॅक पत्त्याच्याच फ्रेम स्वीकारतो. गेस्टचा मॅक त्याला परका. वायफायच असेल तर आयपी फॉरवर्डिंग आणि नॅट (गेस्टचा पत्ता होस्टच्या पत्त्याआड लपवणं). चालतं, पण बाहेरून गेस्टपर्यंत पोचायला पोर्ट वळवत बसावं लागतं. म्हणून माझ्या यादीत इथरनेट पोर्ट रॅमच्या वर.

इंटरफेस उभारायला रूटचे (प्रशासकाचे) अधिकार लागतात, पण तेवढ्यासाठी अख्खं हर्क्युलिस रूटने चालवू नका. हर्कआयएफसी या छोट्या प्रोग्रामला सेटयूआयडी (रूटच्या अधिकाराने चालण्याची मुभा) दिलं की भागतं.

पुढचा बेत: दोन यंत्रांवरची हर्क्युलिस सीटीसीई या आभासी दुव्याने जोडून, एनजेई३८ हा जॉब पाठवणारा प्रोग्राम वापरून इकडचा जॉब तिकडे पाठवायचा.