पाव गोळी

एप्रिलमधली दुपार. सोलापूर त्रेचाळीसला टेकलेलं. जनावरांच्या दवाखान्याचं शटर अर्धं ओढून मी डबा उघडणार, तोच एक आजी आत शिरल्या. कडेवर शेंग्याचं पोतं धरावं तशी साडेतीन महिन्यांची गावठी कुत्र्याची पिल्ली. नाव राणी, वजन चार किलो दोनशे.

"सारखी मुतलाली बघा मॅडम. थेंब थेंब. सून म्हणती वाईट खोड हाय, बाहेर सोडून या."

राणी टेबलावरच दोनदा बसली, कुंथली. खाली चमचाभर गुलाबी ओल, तीही तिने लगेच चाटली. पोटावर हात ठेवला तर मूत्राशय जवळजवळ रिकामं, पण जरा दाबलं की कण्हायची.

"पाणी किती पिते?"

आजी गप्प. मग हळूहळू कळलं. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर घरकुलातलं घर. 10,000 घरांची विडी कामगारांची वसाहत ती. तिथं नळाच्या पाण्याची कायम ओढ, त्यात फरशी दिवसातून दहा वेळा पुसायची कुठून? म्हणून सुनेनं राणीची वाटीच उचलून ठेवली होती. कमी प्याली की कमी मुतेल, असा सरळ हिशेब. सुनेला तरी काय बोलणार? पण लघवी घट्ट झाली, मूत्राशय धुऊन निघेना, आणि जंतूंचं फावलं.

"औषध काही दिलं?"

आजींनी कनवटीची पिशवी सोडून चुरगळलेली स्ट्रिप काढली. नॉरफ्लॉक्स, जंतू मारणारी गोळी, चारशेची. "माझीच हाय. मला होतंय तसंच तिला होतंय, मला कळतंय की ओ. पाव गोळी दिली, दोन दिवस."

मी हसू आवरलं, रागही. या जातीची औषधं वाढत्या पिल्लाला मी देत नाही. सांध्यांच्या कूर्चेला इजा होऊ शकते. पण अख्खं घर खोड म्हणत असताना आजाराचं निदान बरोबर केलं होतं ते या बाईनं.

स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं. "तागु, तागु," आजी तेलुगूत पुटपुटल्या. राणीनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली, दुसरीही. अर्ध्या तासानं ती दाराशी गोल फिरू लागली. मी पळी घेऊन वाकले तर ती पळाली. आजींनी पळी माझ्या हातातून घेतली, मागून गुपचूप सरकवली आणि ती बसताक्षणी मधली धार अचूक धरली. मला दहा वर्षांत इतकं सफाईनं जमलेलं नाही.

लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त दिसलं. पूपेशींचा रकाना कुत्र्यांत भरवशाचा नसतो, म्हणून थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला: पूपेशींची गर्दी आणि मधून काडीसारखे जंतू. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पळीतलं चालत नाही. मूत्राशय पुन्हा भरल्यावर पोटातून सुईनं दोन मिली काढलं. रिपोर्टला तीन दिवस लागणार, तोवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप, वजनावर मोजून, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पाण्याची वाटी चोवीस तास भरलेली. सुनेला निरोप: एवढ्या पिल्लाला चार तासांपलीकडे धरवत नाही, ओरडू नका.

"आणि तुम्ही? तुम्हाला वरचेवर होतं का?"

"हजार विड्यांचा हिशेब असतोय मॅडम. उठलं की हात मोडतोय. पाणीच कमी पितो."

मी जनावरांची डॉक्टर. लघवी तपासून घ्या, माणसांच्या डॉक्टरांकडे जा, एवढंच म्हणू शकले.

रिपोर्ट आला: ई. कोलाय. नॉरफ्लॉक्ससमोर आर, म्हणजे ती पाव गोळी जंतूंनी पचवली होती. सिरपसमोर एस, म्हणजे ते लागू पडणारं.

सहाव्या दिवशी आजी आल्या. राणी यावेळी चालत, दोरीला हिसके देत. पायरीवरून उतरून लिंबाखाली बसली, एकदाच, चांगली लांब धार, आणि परत येऊन माझी चप्पल ओढू लागली.

"डॉक्टरकडे गेलात का?"

"जातो की, विड्या पोचवून."

"आणि त्या उरलेल्या गोळ्या?"

आजींनी कनवटीवर थाप मारली. "हायत की. सांभाळून ठेवल्यात."