लाल टोपीवालीला शू लागली होती

लेकीला सध्या रोज रात्री एकच गोष्ट हवी असते, लाल टोपीवालीची, म्हणजे लिटल रेड रायडिंग हूडची. वाढदिवसाला आलेलं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, शेवटच्या पानावर शिकारी बंदूक घेऊन उभा आणि आज्जी नि मुलगी त्याच्या मागे. मागच्या आठवड्यात तिने त्या पानावर बोट ठेवलं, हिने काय केलं? म्हटलं अगं ती लांडग्याच्या पोटातून बाहेर आली. ते तर काकांनी केलं, हिने काय केलं?

खरंच त्या पुस्तकात ती काहीच करत नाही. रस्ता सोडून फुलं तोडायला जाते, आज्जीचं सोंग घेऊन पलंगावर पडलेल्या लांडग्याला फसते, गिळली जाते, बाहेर काढली जाते. ही गोष्ट लोक पूर्वी कशी सांगायचे ते मला थोडंफार माहीत होतं, पण तिच्या त्या प्रश्नानंतर मी सगळं नीट शोधून वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

आपल्यापर्यंत आलेली गोष्ट बहुतेक ग्रिम बंधूंची, जर्मनीतली, 1812 सालची. त्याच्याही आधी 1697 मध्ये पॅरिसला शार्ल पेरो नावाच्या लेखकाने ती छापली होती, आणि त्याच्या गोष्टीत शिकारी नाहीच! मुलगी कपडे काढून लांडग्याशेजारी पलंगावर झोपते, लांडगा तिला खातो, संपलं. खाली पेरोने कवितेत बोध दिलाय की सुंदर, चांगल्या घरच्या पोरींनी कुणाचंही ऐकू नये, आणि लांडगे सगळे सारखे नसतात, काही अगदी गोड बोलत घरापर्यंत मागे येतात, तेच सगळ्यात धोकादायक. म्हणजे लांडगा हा पुरुष आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, लपवलेलंही नाही. पण समज कुणाला, तर पोरींना. लांडग्याला उद्देशून एक ओळ नाही. सव्वातीनशे वर्षं झाली आणि आजही आपण सातच्या आत घरात हे मुलीलाच सांगतो, मुलाला बसवून 'कुणाच्या मागे जायचं नाही' असं किती घरांत सांगतात?

ग्रिमांनी मुलीला वाचवलं हे खरं, पण वाचवताना दोन गोष्टी आत घातल्या, सुरुवातीला आईची ताकीद की वाट सोडायची नाही, आणि शेवटी मुलीचं मनातल्या मनात कबूल करणं की आई नको म्हणाली असताना आता जन्मात कधी एकटी वाट सोडून जाणार नाही. म्हणजे चूक तिची ठरली. (त्यांच्या शिकाऱ्याने बंदूक उचललेली खाली ठेवून कात्रीने पोट कापलं आणि नंतर पोटात भरायला दगड पटकन गोळा करून आणले ते मुलीने, एवढं तरी काम तिला होतं, आमच्या पुस्तकात तेही गेलंय.)

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. 1885च्या सुमारास फ्रान्सच्या निव्हर्ने भागात आशिल मिल्यँ नावाच्या माणसाने खेड्यातल्या लोकांच्या तोंडून ही गोष्ट उतरवून घेतली, पुढे 1950च्या दशकात पॉल दलार्यु या लोककथांच्या अभ्यासकाने ती लोकांसमोर आणली. त्याचं म्हणणं असं की पेरोच्या आधीपासून गावांत जी गोष्ट सांगत होते ती साधारण अशीच असणार. यात लाल टोपी नाही. लांडगा म्हणजे लांडग्याचं रूप घेणारा माणूस. तो वाटेत विचारतो, कुठल्या वाटेने जातेस, सुयांच्या की टाचण्यांच्या? इव्हॉन व्हर्दिए नावाच्या अभ्यासक बाईंनी यावर सुंदर लिहिलंय, की फ्रान्सच्या खेड्यांत पोरी वयात आल्या की एक हिवाळा शिवणकाम करणारीकडे पाठवायचे, म्हणजे सुया-टाचण्या हे पोरीचं मोठं होणं आहे आणि ही मुळात बायकांनी बायकांना सांगितलेली गोष्ट आहे. हे वाचलं आणि मला एकदम वाळवण घालताना गच्चीवर बसलेल्या आमच्या घरच्या बायकाच आठवल्या.

गोष्ट भीषण आहे, आज्जीचं मांस वगैरे आहे, लहान पोरांना जशीच्या तशी सांगवत नाही. पण शेवट ऐका. मुलगी पलंगावर आहे, तुझे कान एवढे मोठे का वगैरे सगळं झालंय, आणि तिच्या लक्षात येतं की ही आज्जी नाही. तर ती म्हणते, आज्जी मला बाहेर जायचंय, लागलीय. तो म्हणतो इथेच कर. नाही, बाहेरच जायचंय. मग तो तिच्या पायाला लोकरीची दोरी बांधून सोडतो. ती अंगणात जाऊन दोरी पायातून काढून आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि घराच्या दिशेने सुसाट. आतून तो हाका मारतोय, झालं का, झालं का, उत्तर येत नाही म्हणून बाहेर येऊन बघतो तर दोरी झाडाला. धावतो मागे, पण तो पोचेपर्यंत ती घरात शिरलेली असते.

ना शिकारी, ना कात्री, ना माफी. पोरीला भीती वाटली, तिने डोकं चालवलं, सुटली. पेरो राजदरबारात वावरलेला माणूस, त्याच्या वाचकांसमोर शू लागलेली मुलगी कशी चालेल, आणि त्या शू बरोबर तिची अक्कलही गेली गोष्टीतून. मला याचा खरंच राग येतो. ग्रिमांच्या गोष्टीचंही पुढे तेच झालं, त्यांनी मागे एक दुसरा प्रसंग जोडलाय ज्यात आज्जी आणि नात मिळून दुसऱ्या लांडग्याला सॉसेज उकडलेल्या पाण्याच्या वासाने भुलवून छपरावरून दगडी हौदात पाडतात, तो बुडून मरतो. म्हणजे छापील पुस्तकातसुद्धा हे होतं! मी लहानपणी वाचलेल्या किंवा आता दुकानात चाळलेल्या एकाही पुस्तकात मला तो प्रसंग दिसला नाही, सगळीकडे शिकारी आला की गोष्ट संपते.

आपली भोपळ्यातली म्हातारी बघा. तीही जंगलातूनच जाते, एकटी, वाटेत कोल्हा वाघ सगळे खायला टपलेले, ती म्हणते लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा. आणि येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक. तिला कुणी वाट सोडू नको म्हणून सांगत नाही, आमच्या आईने सांगितलेल्या गोष्टीत तिला सोडवायलाही कुणी येत नाही.

पण ती गोष्ट आपण पोरांना देतो कशी? गेल्या वर्षी बहिणीच्या मुलाच्या शाळेत गॅदरिंगला हीच गोष्ट बसवली. त्याला म्हातारी व्हायचं होतं, भोपळ्यात बसायला मिळतं म्हणून. त्याला सांगितलं मुलांनी प्राणी व्हायचं, मुलींनी म्हातारी आणि लेक. सहा वर्षांचं पोरगं, त्याला वाघाचा मुखवटा चढवला, स्टेजवर त्याने जीव तोडून डरकाळी फोडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आज्जीची शाल डोक्यावरून घेतली आणि कपड्यांच्या बास्केटमध्ये बसून म्हातारीचे सगळे डायलॉग म्हणून दाखवले, एक शब्द चुकला नाही. म्हणजे लाल टोपीवालीतून मुलीला फसायचं शिकवायचं आणि मुलाला एक तर लांडगा व्हायचं नाही तर बंदूकवाला, चतुर म्हातारी व्हायची मुभा त्याला नाही.

तर आता मी घरी दोरीवाली गोष्ट सांगते. आज्जीचं मांस काढलं, आलुबुखाराच्या जागी बोराचं झाड घातलं कारण आमच्या खिडकीतून बोर दिसते. दोरी सोडवायची गाठ लेक स्वतःच्या पायावर माझ्या ओढणीने करून बघते. 'शू लागलीय' या वाक्याला ती इतकी हसते की पुढची गोष्ट थांबवावी लागते, मग मी लांडग्याच्या आवाजात झालं काऽऽ म्हणते आणि ती पांघरुणात तोंड खुपसून अजिबात उत्तर देत नाही.