जुने कुंग फू पिक्चर आणि भाचा

आज सुट्टी म्हणून भाच्यासोबत 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' लावला, 1978 चा, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या फिल्म कंपनीचा. तो लगेच वैतागला, मामा ओठ एकीकडे आवाज भलतीकडे, आणि कॅमेरा सारखा धाडकन तोंडावर काय येतो! खरंय ते. स्टोरीपण पोस्टकार्डावर मावेल एवढीच, बायका जवळपास नाहीतच, व्हिलन म्हणजे नुसता दुष्ट. पण मग हिरो गॉर्डन लिऊ शाओलिनच्या मठात कुंग फू शिकायला शिरतो आणि हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडाला सुरे बांधलेले, हात जरा खाली आला की बरगडीत टोचणार... पोरगं मोबाईल ठेवून सरळ बसलं. मधला अख्खा भाग नुसता सराव, तरी कंटाळा येत नाही राव, कारण दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग स्वतः फाइट मास्टर, घराण्यातच कुंग फू, त्यामुळे शॉट लांब ठेवतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. आता एक ठोसा चार तुकड्यांत कापतात, कोणी कुणाला मारलं तेच कळत नाही. शेवट मात्र घाईत उरकलाय, ते मला आजही खटकलं. भाचा म्हणतोय दुसरा लाव.