ओ-टूचा डावा चॅनल: चिप निर्दोष, खरेदी रद्द

ओ-टू या घरी बांधायच्या हेडफोन अँपच्या डाव्या चॅनलचा दोष सापडला. मागच्या नोंदीत आउटपुटची ४५५६ ही ऑप-अँप चिप गेली असा निकाल देऊन टाकला होता, तो मागे. चिप धडधाकट आहे, साप समजून भुई धोपटली.

लक्षण तेच. चालू केल्या केल्या ऑफसेट (आउटपुटवरचं नको असलेलं डीसी व्होल्टेज) ५ मिलिव्होल्टच्या आत, आवाज स्वच्छ; मग बिनलोडचं आउटपुट चढत चढत चार मिनिटांत रेलला (पुरवठ्याच्या व्होल्टेजला) जाऊन चिकटतं. लोड लावला की चिपवर बोट ठेववत नाही, म्हणून संशय तिच्यावर. यू-३ आणि यू-४ या दोन चॅनलांच्या ४५५६ चिपांची अदलाबदल केली (पॉवर काढून, ४७० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबून), तरी दोष डावीकडेच. ही अदलाबदल नव्या चिपा मागवण्याआधी करायची असते.

उत्तर मिळालं ते चढण्याच्या वेगावरून. स्टॉपवॉच लावला तर अर्ध्या मिनिटात साधारण १.३ व्होल्ट, म्हणजे सेकंदाला ४०-४५ मिलिव्होल्ट. व्हॉल्यूम पॉटनंतर २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आहे, पुढे ४५५६ चे दोन्ही नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटचे पाय, ३ आणि ५, आणि तिथून ग्राउंडला ४०.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर. बायस करंट, म्हणजे चिपच्या इनपुटच्या पायातून वाहणारा बारीकसा करंट, पायामागे ५० नॅनोअँपच्या आसपास, दोन पायांचा मिळून १००. रेझिस्टर जागेवर असेल तर १०० नॅनोअँप गुणिले ४०.२ के म्हणजे ४ मिलिव्होल्ट, ओ-टूचा नेहमीचा ऑफसेट. तो सुटला तर करंटला वाट उरते फक्त कपॅसिटरची: १०० नॅनो भागिले २.२ मायक्रो, सेकंदाला ४५ मिलिव्होल्ट. आकडा जुळला.

आणखी एक गंमत. मीटरचा प्रोब ३ नंबरच्या पायावर धरला की चढलेला ऑफसेट उतरतो आणि १ व्होल्टजवळ थबकतो. मीटरचा स्वतःचा १० मेगओहम त्या रेझिस्टरच्या जागी उभा राहतो ना!

तरीही घोडं अडलंच. रेझिस्टरच्या दोन्ही तारांवर प्रोब टेकवले तर ४०.२ के, अगदी नीट. चिप काढून सॉकेटच्या ३ नंबरपासून ग्राउंडपर्यंत मोजलं तर ओपन. पॅडवर प्रोब दाबला की पुन्हा ४०.२ के. म्हणजे ग्राउंडकडचा टाका कोरडा, आणि दाबलं की तेवढ्यापुरता जोडला जाणारा. दहापट भिंगाखाली तारेभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. ग्राउंडची रुंद तांब्याची पट्टी उष्णता शोषून घेते आणि २५ वॅटचं आयर्न तिथे हात टेकतं. वरून चकचकीत, आतून कच्चा टाका. जुनं सोल्डर पंपाने ओढलं, तार खरवडली, भरपूर फ्लक्स लावला आणि ५० वॅटच्या रुंद टोकाने ६०/४० चा नवा टाका दिला, तीन सेकंदांत. उजवीकडचा जोडीदार टाकाही हातासरशी तसाच केला. अर्ध्या तासानंतर डावा ३.१, उजवा २.८ मिलिव्होल्ट. लोड आधी ३३ ओहमचा रेझिस्टर, मग टाकाऊ इअरफोन. चांगला हेडफोन शेवटी.

मधल्या काळात बाजारातून आणलेल्या ४५५६ नकली निघाल्या. ओळख सोपी आहे. ब्रेडबोर्डवर ±१२ व्होल्टला फॉलोअर (जेवढं इनपुट तेवढंच आउटपुट) जोडून ८ नंबरच्या पायातला करंट मोजा. खरी ८-९ मिलिअँप घेते, ही जेमतेम ३, बहुधा छाप बदललेली ४५५८. ३३ ओहमवर ३ व्होल्ट आरएमएस मागितले की लहरीची माथी सपाट. शंभरेक रुपये वाचवायला गल्लीबोळातून ऑप-अँप घेऊ नयेत. अधिकृत वितरकाकडून चार जास्तीच्या मागवून ठेवाव्यात.

आता दुरुस्त करायचा की बदलायचा, त्याबद्दल. ओ-टू थ्रू-होल (भागांचे पाय बोर्डाच्या भोकांतून जाणारा), आराखडा २०११ पासून खुला, सुटे भाग साधे, तेव्हा दुरुस्तीच. ट्रॅक उखडले असते, किंवा बॅटरीचं टोक मॉस्फेटच्या टॅबला लागून बोर्ड करपला असता, तर बोर्ड नवा घेतला असता. पोटाखाली थर्मल पॅड असलेल्या किंवा नंबर घासून काढलेल्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावरच टाकलेल्या) चिपांचा अँप असेल तर मात्र वेळ घालवू नये. बाहेरून जेडीएस लॅब्सच्या ॲटमसारखा अँप मागवणाऱ्यांनी ॲडॉप्टर बघावा: तो एसी-एसी असतो, आणि १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर २३० ला लावला की धूर. ओ-टूलाही डीसी ॲडॉप्टर चालत नाही, एक रेल उपाशी राहते. पुण्याच्या तपकीर गल्लीतला साधा १५ व्होल्ट, ५०० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर इथे वर्षानुवर्षं पुरतो.

रद्द केलेल्या खरेदीचे पैसे वाचले, ते डीसी प्रोटेक्शनवर (आउटपुटवर डीसी आला की हेडफोनची जोडणी तोडणाऱ्या सर्किटवर) घालायचे असं ठरलं होतं. यूपीसी-१२३७ या संरक्षण-चिपचं रिले किट तयार मिळतं. पण हे लिहिताना हिशेब केला तर रिलेच्या कॉइलला ३०-४० मिलिअँप लागतील, अख्ख्या ओ-टूच्या निवांत करंटपेक्षा जास्त, आणि तेही एकाच रेलवर, हाफ-वेव्ह रेक्टिफायरमागे. शिवाय हे किट स्पीकरसाठी आहे, १ व्होल्टच्या आसपास जागं होतं; ३२ ओहममध्ये तेवढ्यात ३० मिलिअँप डीसी आधीच वाहिलेला असेल. म्हणजे वेगळं वाइंडिंग आणि ऑफसेट ओळखणारा स्वतःचा कंपॅरेटर, उंबरठा १०० मिलिव्होल्टचा. कोणी ३९३ या कंपॅरेटर चिपवर असं काही बांधलं असेल तर रेझिस्टरच्या किमती कळवा. तोवर ९ व्होल्टच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत, एकीच्या बुडाशी पांढरं येऊ लागलंय.