अबोला आणि जपमाळ

वसईतल्या कॅथलिक घरात संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थनेला, धरून चालायची वीस मिनिटं. भात कुकरमध्ये असेल किंवा मालिका ऐन रंगात आलेली असेल, तर तीच रोझरी पंधरा मिनिटांत उरकते. मग आजी विचारतेच, ‘‘गाडी पकडायचीय का कुणाला?’’

माळेत मणी 59. त्यातले 53 ‘नमो मारिया’चे आणि उरलेले 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. ‘नमो मारिया’चे सुरुवातीचे तीन सोडले, तर दहा-दहा मण्यांची पाच दशकं, प्रत्येक दशकाला ख्रिस्त आणि मारियेच्या आयुष्यातलं एक रहस्य, म्हणजे मनन करायचा एक प्रसंग. हिशेब सोपा आहे, पण खरी गंमत आहे ती प्रत्येक ‘नमो मारिया’च्या दोन भागांत. पहिला भाग प्रार्थना चालवणारा म्हणतो, दुसरा बाकीचे म्हणतात. एकट्याने दोन्ही भाग म्हणता येतात, पण घरात चार माणसं असताना तसं कुणी करत नाही.

आता मेव्हणीच्या लग्नात किती ग्रॅमची चेन द्यायची, यावरून नवरा-बायकोने दुपारपासून अबोला धरलाय असं समजा. सात वाजता मेणबत्ती लागते आणि पहिलं दशक नवऱ्याकडे येतं. त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच तिचं उत्तर येतं, दार आपटल्यासारखं. तिसऱ्या दशकापर्यंत लय सापडते, कारण दोघांनी वेगवेगळ्या वेगाने म्हटलं तर शब्द एकमेकांवर चढतात आणि पोरं हसतात. अबोला सुटतो असं मुळीच नाही. पण एकमेकांचं वाक्य संपेपर्यंत थांबावं तर लागतंच.

घोळ होतो तो शेवटच्या हेतूंमध्ये, म्हणजे कुणासाठी काय मागायचं ते सांगताना. ‘‘या घरातल्या काही माणसांना पैशांची किंमत कळू दे,’’ अशी विनंती देवाकडे जात नसते, ती समोरच्या खुर्चीकडे जाते. सासू-सुनेच्या घरात तर हेतूंचाच दुसरा सामना रंगतो. त्यावर एकच उपाय बऱ्यापैकी चालतो: हेतूत फक्त नाव घ्यायचं, विशेषण लावायचं नाही. ‘‘दादासाठी.’’ बस्स.

लहान पोराला पाचही दशकं गुडघ्यावर बसवू नये. दुसऱ्या दशकात ते कुल्ल्यावर टेकतं, तिसऱ्यात आडवं होतं आणि चौथ्यात ओरडा खातं. त्यापेक्षा एक दशक त्याच्याकडे सोपवावं, बोटांवर मोजू द्यावं आणि शेवटी मेणबत्ती विझवायचा मान त्याला द्यावा. माळ मात्र तारेची देऊ नये. तारेच्या कड्या नीट मिटलेल्या नसतात, त्यामुळे पदकाजवळ हिसका बसला की तिथेच सुटते आणि मणी कपाटाखाली जातात. नायलॉनच्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेली माळ दिसायला साधी, पण पोराच्या हाती टिकते.

गुरुवारी आणखी एक वाद ठरलेला. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली आणि ती गुरुवारी आली. त्याआधी गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा होता. आजीच्या जिभेवर अजून तोच गुरुवार आहे. तिला दुरुस्त करायला जाऊ नये. तेवढ्यात भात करपतो.

आनंदाची रहस्यं आता सोमवारी आणि शनिवारी. नाव आनंदाचं, पण पाचवं रहस्य बघा. सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू यरुशलेमातच मागे राहतो. आईबापांना वाटतं, असेल सोबतच्या लोकांत. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर कळतं की तो नाही. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, गुरूंमध्ये बसून प्रश्न विचारताना. मारिया विचारते, तू आमच्याशी असा का वागलास? त्याचं उत्तर दोघांनाही कळत नाही, असं लूकने दुसऱ्या अध्यायात सरळ लिहून ठेवलंय. ज्यांच्या घरात बारा-तेरा वर्षांचं पोर आहे, त्यांना यावर प्रवचन लागत नाही.

शनिवारी हे दशक चालू असताना बाहेर गेलेल्या पोराने फाटकाची कडी वाजवली, की आईच्या बोटांखालून मणी सटकतो. ती मागे जात नाही, तशीच पुढे म्हणते. दहाचे नऊ होतात, आणि त्या दिवशी कुणी मोजत नाही.