काही लागलं तर सांगा

फेब्रुवारीत आईचं उजवं मनगट मोडलं. दादाला उचलताना. म्हणजे गेली ३६ वर्षं ती त्याला तसंच उचलतेय, काखेत हात घालून, एक दोन तीन म्हणत, आणि नेमका त्या दिवशी व्हीलचेअरचा ब्रेक लावायचा राहिला, खुर्ची मागं सरकली, आई खाली आणि दादा आईच्या अंगावर. त्याला खरचटलंसुद्धा नाही. प्लास्टर घालून रिक्षातून घरी येताना तिनं मला फोन केला आणि पहिलं वाक्य काय, तर "त्याचं जेवायचं राहिलंय गं."

लॅपटॉप उचलला आणि पुण्याहून कोल्हापूरला आले. सहा आठवडे राहिले.

दादाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं शरीराच्या हालचाली ताब्यात नसतात. वजन ४८ किलो, बोलायला दहा-बारा शब्द, पण समजतं जवळपास सगळं आणि 'हो' म्हणायचं असलं की डाव्या हाताचा अंगठा हलवतो. सख्खी बहीण असून त्याला जेवू कसं घालायचं हे मला येत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी मी त्याची मान मागं टेकवून घास दिला आणि त्याला असा ठसका लागला की माझे हातपाय गार पडले. आई कॉटवरून ओरडली, "मान मागं नको, हनुवटी खाली! आणि ताक पातळ नको, घट्ट दे." पातळ गोष्ट घशात पटकन उतरते आणि त्याला तेवढ्या वेगात गिळता येत नाही, म्हणून ठसका. हे सगळं आईच्या डोक्यात होतं, कागदावर कुठंच नव्हतं. तिचं मनगट मोडलं म्हणून निभावलं. डोक्याला लागलं असतं तर?

गल्लीतले सगळे येऊन गेले. प्रत्येकजण डझनभर केळी घेऊन. घरात एवढी केळी साठली की शेवटी शिकरण खाऊन दादानंपण तोंड फिरवलं. आणि जाताना दारात सगळ्यांचं एकच, काही लागलं तर सांगा हं. आता काय सांगणार? "काकू, दादाचं डायपर बदलायला या"? असं कुणी सांगू शकतं का, म्हणून कुणी सांगत नाही आणि समोरच्यालापण वाटतं यांचं सगळं बरं चाललंय. त्यांचा दोष नाही, मीपण दुसऱ्यांच्या दारात हेच बोलत आलेय.

चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या, केळ्यांशिवाय. म्हणाल्या, "मंगळवार-शुक्रवार चार ते सहा मी बसणार याच्याजवळ. तू काय करायचं ते कर." विचारलंच नाही त्यांनी, वारच सांगून टाकला. पहिल्या मंगळवारी मी काय केलं? झोपले.

पण त्यांनापण भीती होतीच, फिट आली तर काय करू म्हणून. मग मी फ्रीजवर कागद चिकटवला. आधी ब्रेक, मग बाकी सगळं. हनुवटी खाली. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८. आणि शेवटची ओळ आईनं सांगून लिहून घेतली, त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. कारण घरी येणारी सगळी माणसं "याला चहा चालतो का?" असं आईला विचारतात, आणि दादा तिथंच अंगठा हलवत बसलेला असतो.

मग शिवजयंती आली. तालमीची पोरं म्हणाली दादाला मांडवात आणायचंच, आम्ही चौघं उचलतो की! आता अनोळखी हात लागले की दादाचं अंग लाकडासारखं ताठ होतं, त्याला ते अजिबात आवडत नाही. तर पोरांनी रात्रीत प्लायवुडचा रॅम्प ठोकला. नऊ इंचाची पायरी आणि तीन फूट फळी. मनापासून केलेलं पण घसरगुंडी झाली सरळ, वर ढकलताना दोघांना घाम, उतरताना तर मीच डोळे मिटले. हिशोब असा असतो की एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे नऊ इंचाला नऊ फूट. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या गवंडीमामांनी तालमीच्या दाराला सिमेंटचा नऊ फुटी रॅम्प करून दिला, वर्गणीतून. महापालिकेच्या बजेटमधले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, खरं तर हे त्यातून मागायला पाहिजे होतं, पण ते मागायला कोण जाणार ही वेगळीच पोस्ट होईल. आता त्या रॅम्पवरून सगळ्यात जास्त कोण जातं माहितीय? गुडघे दुखणाऱ्या आज्या.

कागदपत्रांचं तात्यांनी बघितलं, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले आहेत, फॉर्म बघितला की तरतरी येते त्यांना. दादाच्या खात्यावर सही कुणाची यावरून एका बँकेत आईला तीन हेलपाटे पडले होते. मुलगा १८ चा झाला की कायद्यानं सज्ञान, आई असलीस तरी तू आपोआप पालक नाहीस! त्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, हे आम्हाला १८ वर्षं उशिरा कळलं. त्याच ट्रस्टची निरामय योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा, तोपण तात्यांनीच भरायला लावला. आणि संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांसाठी हयातीचा दाखला दरवर्षी लागतो तो आता त्यांच्या डायरीत लिहिलेला आहे. आमच्या नाही.

"माझ्यानंतर याचं कसं" हे आई रोज मनात म्हणत असणार, मला ते कधी उघड विचारलं नाही तिनं. पालकत्वाच्या अर्जाचा विषय निघाला तेव्हा फक्त माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, मी आहे. त्यावर ती म्हणाली, तू पुण्यात आहेस.

प्लास्टर निघालं, मी परत आले. वहिनींचे दोन दिवस चालूच आहेत. सुरुवातीला आईला त्या दोन तासांचं काय करावं कळेचना, स्वयंपाकघरातच डबे पुसत बसायची. मग भिशीतल्या मैत्रिणींनी रंकाळ्यावर ओढून नेलं, तर तिथून पाच वेळा फोन. परवा शुक्रवारी मला वहिनींचा फोन आला, साडेसहा वाजले तरी आई आली नव्हती आणि एकदाही फोन केला नव्हता. मी घाबरले. वहिनी हसायला लागल्या.

"काय नाही गं, भेळ खात बसल्यात. दादाला विचारलं आईला बोलवू का, तर अंगठा हलवेना बघ."