साडेचार मिनिटांसाठी ॲरिझोना

प्रॅक्टिकल शूटिंगच्या मॅचचे दोन दिवस, दहा स्टेज म्हणजे वेगवेगळ्या मांडणीच्या फेऱ्या, जाऊन-येऊन विमान आणि हॉटेलच्या तीन रात्री. त्यात टायमर चालू असताना मी मैदानात होतो तो एकूण वेळ चार मिनिटं एकतीस सेकंद. घरी आल्यावर ही बेरीज बायकोला सांगितली. ती "बरं" म्हणाली आणि कपडे मशीनला लावायला गेली.

नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत येतात, आणि २०२४च्या पॅरिसनंतर स्वप्निल कुसाळे. आईनेही फोनवर हेच विचारलं, "स्वप्निलचं असतं तसंच का रे?" तसं नाही. तिथे श्वास रोखून एका जागी स्थिर राहायचं असतं. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, लाकडी चौकटींच्या आडून, खिडक्यांतून, धावत-वाकत पुठ्ठ्याची आणि लोखंडी टार्गेट टिपत जायचं, मध्येच मॅगझिन बदलायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो तुमचा 'हिट फॅक्टर'. १९७६ साली मिझुरीतल्या कोलंबिया गावी आयपीएससी ही जागतिक संघटना उभी राहिली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. १९८४ पासून अमेरिकेतला कारभार यूएसपीएसए बघते.

मी डॅलसला राहतो. पाच-सहा महिने क्लबच्या महिन्याच्या मॅच खेळलो होतो, वर्ग 'डी', म्हणजे तळाचा. मेसाजवळच्या रिओ सलाडो रेंजवर लेव्हल दोनची, म्हणजे क्लबच्या वरच्या पातळीची मॅच आहे कळल्यावर नाव टाकलं, ते मुख्यतः मित्राने भरीस घातलं म्हणून. "आधी जरा बरा होतो, मग मोठ्या मॅचला जाईन" हा विचार डोक्यातून काढून टाका. मोठ्या मॅचमध्ये प्रत्येक स्टेजला नेमलेले आरओ, म्हणजे रेंज ऑफिसर असतात, टार्गेट धड उभी असतात, कुणी नवख्यावर खेकसत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच, कारण आपल्यातले बरेच जण एच-१बीवर आहेत. नॉनइमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून, ऐकीव माहितीवर नाही. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो.

विमानाचं लोकांना उगाच दडपण येतं. पिस्तूल रिकामं, कडक बाजूंच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. चेक-इनच्या काउंटरवर "माझ्याकडे डिक्लेअर करायला फायरआर्म आहे" एवढंच म्हणायचं. "माझ्याकडे गन आहे" अशी सुरुवात करू नका, मागच्या रांगेतल्या माणसांना उगाच धडकी भरते. चिठ्ठीवर सही करायची, ती सामानात जाते, आणि पेटी तपासून होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं काउंटरजवळच घुटमळायचं. गोळ्याही चेक-इन सामानातच, खोक्यात नीट लावलेल्या. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा पाच किलोची असते. ९ एमएमच्या १२४ ग्रेनच्या (ग्रेन हे पुढच्या शिशाच्या वजनाचं माप) तीनशे गोळ्या साधारण पावणेचार किलो भरतात. दहा स्टेजना मला दोनशे चाळीसच्या आसपास लागल्या, म्हणजे चुकांची सोय धरून तीनशे पुरतात.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला रेंजवर पोचलो तेव्हा हात खिशातून काढवत नव्हता. नोव्हेंबरातलं वाळवंट पहाटे गारठवतं आणि अकराला भाजून काढतं. एकावर एक कपडे घाला, टोपी घ्या, आणि पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. सग्वारो निवडुंगांच्या मागून सूर्य वर येताना सुंदर दिसतं सगळं, पण पूर्वेकडे तोंड असलेल्या स्टेजवर तोच सूर्य पिस्तुलावरच्या काचेतला नेम धरायचा लाल ठिपका गिळून टाकतो.

गाडीतून उतरून पिस्तूल कमरेला लावायचं नाही. रेंज 'कोल्ड' असते, म्हणजे आरओने सांगेपर्यंत कुणाचीच बंदूक भरलेली नसते. पिस्तूल पेटीतून होल्स्टरमध्ये न्यायचं ते फक्त सेफ्टी टेबलावर, आणि त्या टेबलावर गोळीला हात लावायचा नाही, नकली गोळीलाही नाही. हा नियम मोडला की थेट घरी. नवख्यांची मॅच बरेचदा इथेच संपते, एकही गोळी न झाडता.

आमच्या स्क्वाडमधला, म्हणजे स्टेजमागून स्टेज सोबत फिरणाऱ्या टोळीतला एक जण तिसऱ्या स्टेजवर बाद झाला. माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान माणूस. आडवं धावत मॅगझिन बदलताना नळीचं तोंड १८० अंशांच्या रेषेमागे गेलं, म्हणजे टार्गेटकडे न राहता मागच्या बाजूला वळलं. आरओ "स्टॉप" ओरडला, बंदूक रिकामी करून घेतली आणि शांतपणे सांगितलं. वाद नाही, आरडाओरडा नाही. तो माणूस दोन्ही दिवस थांबला आणि आमच्या टार्गेटना चिकटपट्ट्या लावत फिरला. मला त्याच्या गोळ्यांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं. स्क्वाडमध्ये हे काम सगळ्यांचं असतं: एकाचं झालं की बाकीच्यांनी भोकं बुजवायची, लोखंडी पॉपर उभे करायचे. स्वतःची पाळी पुढची असेल किंवा नुकतीच झाली असेल तेवढीच सूट. सावलीत बसून मोबाइल बघणारा दुपारपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत येतो.

पहिल्या दिवशी दुपारी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. तुमच्या आठ गोळ्या काढून घेतात. एक फोडून तिचं शिसं तोलतात, काही यंत्रावरून झाडून वेग मोजतात. ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. उत्तर किमान १२५ आलं पाहिजे, नाहीतर तुमची सगळी मॅच शून्य. माझं १३१ आलं, तरी यंत्रावर आकडा उमटेपर्यंत दहावीच्या निकालासारखं वाटत होतं. स्वस्त ११५ ग्रेनच्या काही गोळ्या या रेषेच्या फार जवळ घुटमळतात, तेव्हा क्लबमध्ये कुणाकडे क्रोनोग्राफ असेल तर घरूनच मोजून निघा.

आता सहावी स्टेज. अठ्ठावीस गोळ्यांची, चौदा टार्गेट, प्रत्येकावर दोन. पुढे जाऊन पाहण्यासाठी पाचेक मिनिटं मिळतात, त्यात बरे शूटर डोळे मिटून हात हवेत हलवत टार्गेटचा आपला क्रम पाठ करतात. लांबून पाहिलं तर आरतीला जमलेल्यांसारखे दिसतात. मी एका वरच्या 'ए' वर्गातल्या माणसाचा क्रम ऐकला, मला तो माझ्या क्रमापेक्षा हुशारीचा वाटला, आणि मी ऐन वेळी माझा बदलला.

"मेक रेडी." मॅगझिन घातलं, स्लाइड ओढली, ठिपका पेटलाय का पाहिलं. (दुसऱ्या स्टेजवर पाहिलं नव्हतं. काचेतून नुसता डोंगर दिसला होता.) "आर यू रेडी? स्टँडबाय." बीप. डावीकडची पाच, मग खिडकी, मग धाव, मॅगझिन बदल, उजवीकडची सगळी. थांबलो. स्वतःवर खूष. "इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर." रिकामं केलं, चाप ओढला, होल्स्टर. "रेंज इज क्लिअर."

आरओच्या मागे मोजत चाललो. खिडकीतून उजवीकडे खाली, पिंपामागे, एक टार्गेट कोरं करकरीत. एकही भोक नाही. ते फक्त त्या खिडकीतूनच दिसत होतं आणि उसन्या क्रमात ते मी पाठच केलं नव्हतं. दोन 'मिस'चे उणे वीस, टार्गेटवर गोळीच न झाडल्याचे आणखी उणे दहा. १०८ गुणांचे ७८ झाले. वेळ ३१.२ सेकंद, हिट फॅक्टर अडीच. आरओने टॅबलेट पुढे केला, मी 'अॅप्रूव्ह' दाबलं. स्क्वाडमधल्या एका पांढऱ्या मिशीवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आधी तुझा क्रम काय होता?" मी सांगितला. "त्यात ते टार्गेट होतं का?" होतं. तो काही न बोलता पट्ट्यांचं बंडल घेऊन निघून गेला.

उरलेल्या चार स्टेजना मी माझाच बावळट क्रम धरला. एका ठिकाणी दोन पावलं जास्त पडली, पण एकही टार्गेट सुटलं नाही. शेवटी कॅरी ऑप्टिक्स, म्हणजे ठिपकेवाल्या पिस्तुलांच्या गटात खालून नववा आलो, आणि बाद झालो नाही. पहिल्या मोठ्या मॅचला यापेक्षा मोठं ध्येय ठेवू नका.

जेवणाचं. रेंजवर खायला मिळेलच असं नाही. माझ्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पण आपण हाताने खाणारी माणसं, आणि दिवसभर हातांना शिसं लागलेलं असतं. सॅनिटायझरने शिसं जात नाही. साबण आणि गार पाणी सोबत ठेवा, चांगलं खसाखसा धुवा, मगच घास.

आणि ही सॅक दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. डिसेंबरात पुण्याला जायचं होतं. बायकोने तीच काळी सॅक काढली, चॉकलेटं भरायला. मी हिसकावूनच घेतली आणि उलटी करून झटकली. टेप, चुरगळलेली स्कोअरशीट, वाळू, आणि शेवटी आतल्या चोरकप्प्यातून टप्पकन फरशीवर पडलं एक ९ एमएम काडतूस. भारतात ९ एमएम 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतं, आणि मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ते सापडलं असतं तर सुट्टी पोलिस ठाण्यात आणि वकिलाकडे गेली असती. फरशीवरून ते घरंगळत फ्रिजखाली गेलं. झाडूच्या दांड्याने बाहेर काढेपर्यंत बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

सॅक आता गॅरेजमध्ये खिळ्याला असते. वर लाल पट्टी लावलीय, तिच्या अक्षरात: "हिला हात लावायचा नाही."